आता डब्यांवरसुद्धा

स्टीफनने चहाचा कप हातात तसाच धरून मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, आणि शलोमीची वेणी घालता घालता एस्तेरचा हात एकदम आवळला गेला. पोरीने "आई गं" म्हणत मान सोडवून घेतली. अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या पोलादावर आणि ॲल्युमिनियमवर जबर कर बसवलाय, हे उन्हाळ्यापासून घरात माहीत होतं. पण तो पत्र्यावर होता, सळ्यांवर, कांबींवर. आता त्या पत्र्यापासून केलेल्या वस्तूही त्यात ओढल्या होत्या. "आता डब्यांवरसुद्धा," स्टीफन म्हणाला. "बाटल्या, डबे, भांडी. प्रिस्किलाच्या कारखान्यात दुसरं काय बनतं?" एस्तेरने वेणीची सुटलेली बट पुन्हा उचलली, रिबीन बांधली, शलोमीच्या पाठीवर दप्तर चढवलं, आणि पोर जिना उतरून गेल्यावरही ती हातात कंगवा घेऊन तशीच बसून राहिली. नंदुरबारला ऑगस्ट पावसाशिवाय चालला होता. खिडकीतून येणारी हवा कोंदट होती. आपल्या पोटात जे काही खाली खाली चाललं आहे ती बहिणीची काळजी नव्हे, हे तिला पहिल्या क्षणीच कळलं होतं. बहिणीची काळजी अशी नसते. ती छातीत असते. हे त्याच्या खूप खाली होतं, आणि त्याला एक जुना, ओळखीचा वास होता.

प्रिस्किला तिची धाकटी बहीण आणि शलोमीची आई. प्रिस्किलाचा नवरा दानियल काविळीने गेला तेव्हा शलोमीला धड चालता येत नव्हतं. नवापूरच्या डोंगरातलं, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं गाव, थोडं भात, थोडी तूर, आणि उरलेलं वर्ष हद्दीपलीकडे मजुरी. तिथूनच एक जीप बायकांना घेऊन सुरतेच्या पुढच्या, अमेरिकेला माल पाठवणाऱ्या एका स्टीलच्या कारखान्यात जायची. प्रिस्किला त्या जीपमध्ये बसली, आणि तीन वर्षांची शलोमी नंदुरबारला मावशीकडे आली. थोड्या दिवसांसाठी, असं तेव्हा सगळेच म्हणाले होते. एस्तेर जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक, स्टीफन एसटीच्या डेपोत मेकॅनिक, घरात मूल नाही. धुळ्याच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारून दोघं थकले होते आणि त्या विषयावर आता बोलतही नव्हते. शलोमी आली त्या संध्याकाळी तिने एस्तेरच्या साडीचा पदर तोंडात धरून झोपायचा हट्ट केला. एस्तेर ओणवी होऊन, पाठ भरून येईपर्यंत, तशीच बसून राहिली होती. पदर सोडवून घ्यावा असं तिला वाटलंच नाही. त्यानंतर थोडे दिवस कधी संपले ते कुणी विचारलं नाही. पोर नऊ वर्षांची झाली.

आणि या सगळ्या वर्षांत रोज संध्याकाळी, जेवणाआधी, एस्तेर डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करायची. प्रभू, माझ्या बहिणीच्या हातांना काम दे. तिच्या मालकाच्या धंद्यात बरकत दे. तिची नोकरी राख. शलोमी बोबड्या आवाजात आमेन म्हणायची, पुढे स्वच्छ आवाजात म्हणू लागली. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी एकदा सगळ्या मंडळीसमोर सांगितलं होतं की बहीण असावी तर एस्तेरसारखी, स्वतःसाठी काही न मागता धाकटीसाठी मागणारी. एस्तेरने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. तिला मात्र त्या वेळी वाटलं होतं की कुणीतरी आपल्या बंद पेटीवर बाहेरून सुंदर फूल रंगवून ठेवतंय. कारण ती मागत होती ते स्वतःसाठीच. कारखाना चालू राहावा, म्हणजे प्रिस्किला तिकडे राहील. प्रिस्किला तिकडे राहिली म्हणजे शलोमी इकडे. इतकं साधं गणित होतं, आणि देवाला ते कळत नसेल असं मानण्याइतकी ती भोळी नव्हती. तरी ती मागतच राहिली. तिला वाटायचं, मागणं जर चांगल्या शब्दांत असेल तर हेतूकडे एखादे वेळी देवही डोळेझाक करत असेल.

उन्हाळ्यात पहिल्यांदा करांची बातमी आली तेव्हा तिनेच घाबरून फोन लावला होता. प्रिस्किला हसली. मालक म्हणतो तो कर पत्र्यावर आहे, आपण पत्रा कुठे विकतो, आपण बाटली विकतो, असं तिने सांगितलं. पत्रा म्हणजे पोलाद, बाटली म्हणजे वस्तू. एस्तेरला ते ऐकून इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी तिने शलोमीला गांधी पुतळ्याजवळून आइस्क्रीम आणून दिलं. आणि आता कुणीतरी सात समुद्रांपलीकडे बसून ठरवलं होतं की बाटली हेही पोलादच.

कामावर गेल्यावरही तिचं मन पुन्हा पुन्हा तिकडेच वळत राहिलं. प्रिस्किलाचं तिथलं काम तिने एकदाच पाहिलं होतं, प्रिस्किलानेच मोबाइलवर काढलेल्या एका छोट्याशा व्हिडिओत. आधी ती पॉलिशच्या चाकावर होती. नाकातोंडात काळी भुकटी जायची. नंतर तिची नजर चांगली म्हणून तिला तपासणीवर घेतलं. एका दिव्याखाली प्रत्येक बाटली तिरकी धरायची, आत एक डोळा लावून बघायचं, डाग दिसला की बाजूला. शलोमीला तो व्हिडिओ इतका आवडला की पुढे कित्येक दिवस घरातला प्रत्येक पेला ती डोळ्याला लावून उजेडाकडे धरायची, आणि एस्तेरने चिडून सांगितलं होतं की पेला पाणी प्यायला असतो. पोर हिरमुसली. खरं तर एस्तेरला पेल्याचा राग नव्हता. पोरीने एक डोळा मिटला की ती हुबेहूब प्रिस्किला दिसायची, त्याचा होता. तीच भुवई, तोच वर ओढलेला ओठाचा कोपरा. वडील बाजारातून येताना प्रिस्किलाला खांद्यावर घ्यायचे आणि पिशवी एस्तेरच्या हातात द्यायचे, त्या वेळी वरून खाली बघणारा चेहरा असाच होता. एस्तेर शिकली, परीक्षा दिल्या, सरकारी नोकरीत लागली. प्रिस्किला आठवीत शाळा सोडून गाणी म्हणत हिंडली. तरी गावातल्या चर्चमध्ये नाताळला पहिलं गाणं प्रिस्किलाचंच व्हायचं, आणि माणसं माना वळवून बघायची तेव्हा वडिलांच्या डोळ्यांत जे यायचं ते एस्तेरच्या एकाही निकालाच्या दिवशी आलं नव्हतं. हे सगळं जुनं होतं, वडीलही राहिले नव्हते, पण हेव्याला वय होत नाही असा तिचा अनुभव होता. तो तिथेच बसून असतो. फक्त त्याला धरायला नवीन माणूस लागतं.

प्रिस्किला वर्षातून दोनदा यायची, नाताळला आणि होळीला. तेवढ्या दिवसांत ती पोरीला ओरडायची नाही, अभ्यास विचारायची नाही, नखं कापायची नाही. ती नुसती असायची. पोर तिच्या अंगावर लोळायची. ताप, पाढे, कडू औषध, शाळेतली भांडणं, सगळं एस्तेरच्या वाट्याला, आणि हसणं तेवढं प्रिस्किलाच्या, असं तिला वाटायचं. रविवारी व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा एस्तेर स्वयंपाकघरात भांडी घासता घासता नळ बारीक करून ऐकायची. शलोमीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी आतून तीच देऊन टाकायची. दोन-तीनदा तिने नेट नाही असं खोटं सांगितलं होतं. आणि एक गोष्ट तिने पहिल्यापासून ठरवून केली होती. पोरीशी ती घरच्या, डोंगराकडच्या बोलीत कधीच बोलली नाही. शाळेत मागे पडेल, हे कारण. शलोमी पुस्तकातली मराठी बोलायची, स्पष्ट, सुंदर. आणि मोबाइलवर आई बोलीत काही भरभर बोलून गेली की मावशीकडे वळून बघायची. मग एस्तेर तिला अर्थ सांगायची. आईचं बोलणं पोरीपर्यंत आपल्या तोंडून जातं, या गोष्टीचं एस्तेरला जे सुख होतं ते तिने स्टीफनलाही कधी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी फोन आला. अमेरिकेहून मागणी थांबली होती. तयार माल खोक्यांत पडून होता, तपासणीतल्या बायकांना घरी जायला सांगितलं होतं. प्रिस्किलाचा आवाज शांत होता. एस्तेरने घाईघाईने तिला समजावलं की लगेच निघू नको, वाट बघ, नवीन मागणी येईल, एवढ्या वर्षांची नोकरी अशी सोडू नये. आणि फोन ठेवल्याबरोबर ती कामाला लागली. ओळखीच्या सगळ्यांना तिने विचारलं. बहिणीसाठी काम बघा. कुठेही चालेल, लांब असलं तरी चालेल. लांब हा शब्द ती कशी उच्चारत होती ते तिचं तिलाच ऐकू यायचं. शेवटी गावाकडच्या फुलीबाईंचा पत्ता लागला. त्या नाशिकला मुलींच्या एका वसतिगृहात मेट्रन होत्या. स्वयंपाकघरात एक जागा होती, राहायची सोयही तिथेच. एस्तेरने जागा जवळजवळ पक्की करूनच फोन ठेवला.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण सिंधुबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी जिन्यातच तिचा हात धरला. "तुन्हासारखी बहीण भेटाले नशीब लागस," त्या म्हणाल्या. "इतकी धावपळ कोन करस आजकाल?" एस्तेर हसली आणि वर आली. स्टीफन बनियनवर बसून रेडिओचा स्क्रू फिरवत होता. तो फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने मान वर न करता विचारलं, "तू तिला नोकरीला लावतेयस, की पोरीला ठेवून घेतेयस?" एस्तेरने भाताचं आधण ठेवलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही याचाच तिला जास्त राग आला.

प्रिस्किला वाट बघायला थांबली नाही. नोव्हेंबरात, गावाबाहेरच्या मोकळ्या रानांवर मिरच्या वाळायला पसरल्या होत्या, वारा फिरला की सगळं शहर खोकायचं, अशा एका दुपारी ती दोन पिशव्या घेऊन जिन्यात उभी राहिली. शलोमी शाळेतून आली, तिने दप्तर खाली टाकलं आणि एस्तेरला ओलांडून पलीकडे गेली. ओलांडून. एस्तेर दारात होती. पोर तिच्या काखेखालून वाकून गेली, जशी ती दाराच्या चौकटीखालून गेली असती. पहिले दोन दिवस एस्तेरने स्वतःला समजावलं की हे नेहमीचंच आहे, पाहुणी आलीय, नवलाई उतरेल. पण पाहुणी जायचा दिवस या वेळी नव्हता. प्रिस्किला सकाळी उठून पोरीची वेणी घालायला लागली. ती वेणी सैल असायची, शाळेतून येईपर्यंत सुटायची. एस्तेर रोज ती सुटलेली वेणी बघायची आणि काही बोलायची नाही. शलोमीचं अंथरूण आईच्या शेजारी गेलं. एस्तेरला आपल्या कुशीकडची जागा इतकी रिकामी वाटायची की ती तिथे उशी ठेवायची, आणि स्टीफनचं लक्ष जाण्याआधी सकाळी उचलायची.

एकदा ऑफिसातून आली तर दोघी गच्चीवर वाळलेले पापड गोळा करत होत्या आणि बोलत होत्या. जिन्याच्या वरच्या पायरीवर एस्तेर थांबली. शलोमी घरच्या बोलीत बोलत होती. अडखळत, चुकत, मध्येच पुस्तकी मराठी शब्द घालून, पण बोलत होती. चुकली की प्रिस्किला हसायची, आणि पोर स्वतःही हसून तोच शब्द पुन्हा म्हणायची. एस्तेरसमोर चुकलेल्या शब्दावर ती कधी हसली नव्हती, रडली होती. एस्तेर तशीच खाली उतरली. तिने हातपाय धुतले, चहा टाकला, आणि चहा उकळून आटून गेला तरी गॅस बंद करायचं तिला सुचलं नाही. रात्री जेवताना शलोमीने सहज सांगितलं की आईच्या या बोटाला आता काही कळत नाही, गरम लागलं तरी कळत नाही, पॉलिशच्या चाकाने झालं ते. एस्तेरला हे माहीत नव्हतं. तिने बहिणीच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताच्या दुसऱ्या बोटाचं टोक चपटं, गुळगुळीत झालं होतं, त्यावर रेषाच नव्हत्या. तिला कीव यायला हवी होती. आली, पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. हे पोरीला आधी कळलं. मला नाही.

मग रविवार आला. शलोमी सिंधुबाईंकडे खाली गेली होती, स्टीफन डेपोत होता. एस्तेरने नाशिकच्या जागेचं सांगितलं. तिने ते फार चांगलं सांगितलं, कारण कितीतरी दिवस ती मनात घोळवत होती. काम हलकं, माणसं आपली, फुलीबाई आईसारख्या, आणि शलोमीची काळजी नको, ती इथे रुळली आहे, शाळेत वरचा नंबर आहे, तिचं वर्ष कशाला मोडायचं. प्रिस्किला मेथी निवडत होती. ती निवडतच राहिली. मग त्यांच्या बोलीत, खाली बघतच ती म्हणाली, "ताई, तू रोज माझ्या नोकरीसाठी प्रार्थना करायचीस. शलोमी फोनवर सांगायची मला. मी काय मागायचे माहीत आहे?"

एस्तेरने खाली पडलेली एक काडी उचलली.

"मी मागायचे, कारखाना बंद पडू दे. मला सोडायची हिंमत नव्हती. सोडला तर खायचं काय. म्हणून मागायचे की तोच बंद पडू दे, म्हणजे मला कुणी विचारणार नाही का आलीस." तिने काड्यांचा ढीग बाजूला सारला. "प्रत्येक फोनला पोर म्हणायची, मावशी म्हणते असं, मावशी म्हणते तसं. दिव्याखाली बाटलीत बघताना माझ्या डोळ्यांपुढे तू असायचीस. वाईट वाटायचं मला तुझं. नाही, वाईट नाही. राग यायचा. तू इतकं चांगलं करत होतीस की मला रागवायलाही जागा नव्हती."

हे ऐकून आपल्याला काय वाटलं ते एस्तेरला पुढे कितीतरी दिवस ठरवता आलं नाही. इतकी वर्षं ती ज्या अंधाऱ्या खोलीत एकटी बसली होती असं तिला वाटत होतं, त्याच खोलीत दुसऱ्या कोपऱ्यात बहीण बसून होती. दोघींची एकाच देवाकडे उलटसुलट मागणी, आणि तिकडे कुणीतरी डब्यांवर कर बसवून धाकटीचं ऐकलं. तेव्हासुद्धा, त्या क्षणीसुद्धा, तिच्या मनात आलं ते हेच की शेवटी ऐकलं तेही प्रिस्किलाचंच. तिला बोलायचं होतं की मीसुद्धा तुझ्यासाठी मागत नव्हते. तोंड उघडलं तर शब्द मराठीत आले, ऑफिसातल्यासारखे. "मग नाशिकचं काय करू या?"

प्रिस्किलाने मोबाइल उचलून फुलीबाईंना फोन लावला. ती सरळ बोलली. काम करते, पण माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला घेऊन येऊ का. पलीकडून फुलीबाईंचा मोठा आवाज एस्तेरलाही ऐकू आला. अगं आण की, शाळा आवारातच आहे, तुझ्या बहिणीने सांगितलं नाही मला, मी समजले तू एकटी आहेस. एस्तेरने पोरीबद्दल खरोखरच काही सांगितलं नव्हतं, कारण पोरीने जायचंच नव्हतं. प्रिस्किलाने बहिणीकडे पाहिलं. त्या बघण्यात विजय असता तर एस्तेरला सोपं गेलं असतं. तिथे नुसता थकवा होता, आणि भीती.

आता शेवटची आशा शलोमीवर होती. एस्तेरने दोन दिवस धीर धरला. तिसऱ्या दिवशी पोर गृहपाठ करत बसली असताना ती शेजारी बसली आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की तुला नाशिकला जायचंय का, की इथे राहायचंय, कुणी रागावणार नाही. शलोमीने पेन्सिल कानामागे लावली, स्टीफन लावायचा तशी, आणि विचार केला. तिने खरंच विचार केला हे एस्तेरला दिसत होतं. मग ती म्हणाली, "आई एकटी कशी राहील? तुझ्याकडे काका आहेत ना." एवढं बोलून ती पुन्हा लिहायला लागली. एस्तेरने तिला दुसऱ्याचा विचार करायला शिकवलं होतं. खाऊ वाटून घ्यायचा, ज्याला कुणी खेळायला घेत नाही त्याच्याजवळ बसायचं. पोर शिकली होती.

नाताळ झाला. प्रिस्किलाने मंडळीत गाणं म्हटलं, शलोमी शेजारी उभी राहून तोंड हलवत होती. जानेवारीत शाळेचा दाखला निघाला. निघायच्या दिवशी सकाळी नंदुरबारच्या स्टँडवर थंडी होती. स्टीफनने डेपोतल्या ओळखीने साक्रीमार्गे जाणाऱ्या नाशिक गाडीत जागा धरल्या, पण त्या मागच्या चाकावरच्या होत्या. एस्तेरला माहीत होतं की शलोमीला बस लागते. मागे बसवलं की साक्रीच्या पुढच्या वळणांवर पोर पांढरी पडते, हाताचे तळवे थंड होतात, तोंडाला पाणी सुटलं की ती मावशीचा हात दाबते, बोलत नाही, नुसता दाबते, आणि तेवढ्यात पिशवी उघडून धरावी लागते. पुढे, ड्रायव्हरच्या मागे, खिडकी उघडी ठेवून बसवलं आणि जिभेवर आवळासुपारी ठेवली तर काही होत नाही. हे प्रिस्किलाला माहीत नव्हतं. तिने पोरीबरोबर लांबचा प्रवास कधी केलाच नव्हता. शलोमीलाही हे सांगायचं सुचलं नसतं, तिच्या दृष्टीने हे मावशीलाच माहीत असायची गोष्ट होती. घरून निघाल्यापासून एस्तेर हे मनात धरून होती. सांगायचं नाही. एवढं एक तरी माझं राहू दे. वळणं आली की कळेल तिला, आई होणं म्हणजे काय ते. ती पोरीच्या गालाला गाल लावून उभी राहिली, स्वेटरचं वरचं बटण लावलं, प्रिस्किलाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तरीही बोलली नाही.

कंडक्टरने घंटा दिली. गाडी मागे सरकली, वळली. काचेतून शलोमी हात हलवत होती, हसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पुढे काय होणार आहे याची काही कल्पना नव्हती. एस्तेर धावली. इतक्या वर्षांत ती कधी धावली नव्हती. एक चप्पल मागे राहिली. तिने गाडीच्या पत्र्यावर हात आपटला. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि खिडकीतून प्रिस्किला घाबरून बाहेर वाकली. एस्तेर बोलली ती त्यांच्या बोलीत, शलोमीसमोर पहिल्यांदाच. "तिला बस लागते. पुढे बसव. खिडकी उघडी ठेव. ती बोलणार नाही, तुझा हात दाबेल. हात दाबला की लगेच पिशवी धर." पर्समधली आवळासुपारीची पुडी तिने खिडकीत कोंबली. प्रिस्किलाने पुडी घेतली, तिचे डोळे भरले होते, आणि तिने फक्त मान हलवली. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा आत दोघी उठून, दांड्याला धरत धरत पुढच्या बाकाकडे जाताना दिसल्या.

स्टीफन चप्पल घेऊन आला. ती पायात सारत एस्तेर रस्त्याकडे बघत उभी राहिली. पुढे बसूनही एखादे वेळी होतं पोरीला. झालंच तर कुणीतरी तिचं कपाळ धरेल, तोंडावर पाणी मारेल, पदराने ओठ पुसेल, आणि ती थंड, घामेजली हनुवटी कुणाच्या तरी तळहातात टेकलेली राहील. त्या बाईचा एस्तेरला इतका हेवा वाटला की तिने स्टीफनचा दंड घट्ट धरला.